अंबू साडेदहाला कुठे जाते

४ जानेवारी, शनिवार

नवनाथच्या घरी पोहोचलो. इमारत बावीस मजली, घर चौदाव्या मजल्यावर. वसाहतीचं नाव पॅरामाउंट मेडोज. मेडोज म्हणजे कुरण, असं सूनबाई रूपालीने सांगितलं. कुरण कुठेही दिसलं नाही. गेटवर चार पहारेकरी. त्यांतल्या एकाने माझा फोटो काढला. का काढला, विचारलं तर म्हणाला, "ॲपला लागतो काका." सख्ख्या मुलाच्या घरी शिरायला फोटो! ॲपमध्ये माझी नोंद 'हिंदुराव, पाहुणा' अशी झाली आहे. सौ.ची 'अंबूबाई, पाहुणी'.

मी बांधकाम खात्यात बत्तीस वर्षं ओव्हरसियर होतो. भिंत दिसली की वाजवून बघायची सवय जात नाही. घरातल्या भिंती भरीव आहेत, खिळा शिरत नाही. पण खाली प्रवेशद्वाराशी जे चार जाडजूड खांब आहेत ते बोटाने वाजवले तर रिकाम्या डब्यासारखे वाजले. रणजीत नावाचा पहारेकरी हसला. "आत थर्माकोल आहे काका. शोभेचे आहेत." मग वरचा भार कोण घेतंय? 

महिनाभर राहायचं ठरलंय. नवनाथ म्हणतो, "बाबा, आयुष्यभर करमाळा तालुक्याच्या बाहेर पडला नाहीत. आता निवांत शहर बघा." ठीक. पण नवीन जागी माणसाने नोंदी ठेवाव्यात. नोकरीत साईट डायरी ठेवायचो, तिने दोन चौकश्यांतून वाचवलं.

अंबू संध्याकाळपासून बाल्कनीत उभी. रेलिंग काचेचं आहे, मागे ये म्हणालो. आली नाही. "किती लांबपत्तुर दिसतंय," म्हणाली.

६ जानेवारी, सोमवार

आज मेट्रो. पिंपरीला चढलो, दापोडीला उतरून परत. खांब एकाच मापाचे, सांधे बरे आहेत, पण दोन ठिकाणी पाण्याचे ओघळ पाहिले. वरून स्टेशन चकचकीत, जिन्याखाली धूळ. शहराची सगळी बांधणी अशीच दिसते. दर्शनी भागाला काच, मागच्या बाजूला पाईप आणि वाळत घातलेले कपडे.

अंबूला खांबांत काही रस नाही. गाडी आली तेव्हा माझी बाही ओढून म्हणाली, "अहो, बाई चालवतीया!" खरंच चालकाच्या जागी एक मुलगी होती, पंचविशीची. मी म्हणालो, बसवलंय तिला नावाला, खरी गाडी कुठूनतरी आतून चालवत असतील.  परतताना मात्र अंबूने आलेली पहिली गाडी सोडायला लावली, कारण तिला तीच मुलगी परत येते का बघायचं होतं. आली नाही.

९ जानेवारी, गुरुवार

वाकडचे रस्ते पायी पाहिले. जिथे तिथे टॉवर. दोन टॉवरच्या मध्ये पत्र्याची घरं, त्यांत टॉवर बांधणारे राहतात. मॉलच्या तळघरात गाड्यांचे चार मजले आहेत, उतरताना घुसमटल्यासारखं होतं. एक नमुना फ्लॅट बघून आलो. विकणारा पोरगा फार गोड बोलत होता. पलंग मुद्दाम आखूड ठेवला होता, खोली मोठी दिसावी म्हणून. मी टेप लावून मोजला. साडेपाच फूट. पोराचं गोड बोलणं तिथेच थांबलं.

घरी आलो तर रूपाली आणि अंबू स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होत्या. मी शिरलो आणि बोलणं बंद. काय चाललंय, विचारलं. "भाजीचं," म्हणाल्या. ओट्यावर भाजी नव्हती.

१२ जानेवारी, रविवार

नवनाथने गाडीतून चाकणला नेलं. तो जिथे काम करतो ते शेड बाहेरून दाखवलं. मैलभर लांबीची पत्र्याची शेडं, एकही खिडकी नाही, भोवती उंच कुंपण, त्यावर काटेरी तार. आत काय चालतं ते बाहेरच्याला कळू नये, अशीच बांधणी. नवनाथ म्हणाला, "बाबा, एसीसाठी बंद असतं." असेल.

दुपारी शिफ्ट सुटली. निळे शर्ट घातलेल्या बायका बाहेर पडल्या. कुणी कंपनीच्या बसमध्ये, बऱ्याचजणी स्कूटरवर. तोंडाला ओढणी, डोक्याला हेल्मेट, भर्रकन गेल्या. अंबू गाडीची काच खाली करून त्यांच्याकडेच बघत होती. मी तिला शेडचा गाळा दाखवत होतो, खांबाशिवाय एवढा मोठा गाळा आमच्या काळी कुणी धरला नसता. ती म्हणाली, "व्हय, मोठा हाय." पण बघितलं नाही.

येताना विचारते, "तो लाल गोल असतो, आत आडवी पट्टी, त्येचा अर्थ काय?"

प्रवेश बंद, मी म्हणालो.

"आन् त्रिकोण?"

सूचना. पुढे वळण, शाळा, पूल, जे असेल ते. बत्तीस वर्षं हे फलक मीच लावले, त्यामुळे सगळं नीट समजावलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्या कामात रस घेतला. बरं वाटलं.

१५ जानेवारी, बुधवार

आज काही तरी चुकतंय असं वाटलं.

सकाळी साडेदहाला अंबू म्हणाली, खाली बागेत बसून येते. मी पेपर वाचत होतो. पाऊण वाजता परतली. चेहरा लाल, केस विस्कटलेले, पायांत रूपालीचे कॅनव्हासचे बूट. बागेत बूट कशाला? म्हणाली, "टाचा दुखत्यात."

ती तशी मनातलं सांगणारी नाही. तिची आई शेवटची आजारी होती तेव्हाचंच घ्या. माहेर अठरा किलोमीटर, एसटी दिवसातून एक. ती म्हणाली, मला सोडता का मोटारसायकलवर. मार्चअखेर होती, बिलं अडकली होती. सोमवारी जाऊ म्हणालो. रविवारी सकाळी निरोप आला. रडली असेल, माझ्यासमोर नाही. त्यानंतर वीस वर्षांत तिने कुठं न्या म्हणून एकदाही हट्ट केला नाही. समजूतदार आहे. म्हणूनच आत्ता हे बागेचं पटत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

तिसरा दिवस. साडेदहा ते पाऊण. मी अकरा वाजता खाली जाऊन बाग पाहिली. बाग म्हणजे प्लॅस्टिकचं गवत, तीन बाक आणि घसरगुंडी. अंबू नव्हती.

रणजीतला विचारलं, बाई किती वाजता बाहेर गेल्या, रजिस्टर दाखव. तो म्हणाला, "काका, बाहेर जाणाऱ्यांची नोंद नसते. फक्त येणाऱ्यांची." पहाऱ्याची ही पद्धत चुकीची आहे. माणूस आत येण्यापेक्षा बाहेर जाण्यात जास्त धोका असतो.

परतल्यावर विचारलं. "बागंतच व्हते."

 आधी पुरावा.

२० जानेवारी, सोमवार

कागदपत्रांची फाईल मी कायम जवळ ठेवतो. आज उघडली तर अंबूचं आधार कार्ड नाही.

"रूपालीकडं दिलंय," ती म्हणाली. "कसलंसं काम हाय."

कसलं काम? गावचं घर अंबूच्या नावावर आहे, नोकरीत असताना तसं करणं सोयीचं होतं. रूपाली हुशार आहे, दिवसभर लॅपटॉपवर असते. काल दोघी एका दवाखान्यात जाऊन आल्या, डॉक्टरचा सही-शिक्क्याचा कागद अंबूच्या पिशवीत मी पाहिला. वाचायच्या आत तिने पिशवी उचलली. आधार कार्ड, डॉक्टरचा कागद, अंगठा-सह्या. बाई शुद्धीवर आहे, तिने राजीखुशीने सही केली, असं दाखवायला लागतो तसला कागद हा नव्हे ना?

गावी शेजारच्या सोपानरावांना फोन केला. उद्याच्या उद्या ग्रामपंचायतीतून घराचा उतारा काढा म्हणालो. ते म्हणाले, "काय झालं?" म्हटलं, सध्या काही नाही.

२२ जानेवारी, बुधवार

सोपानरावांचा फोन. उतारा जसाच्या तसा आहे, कसलाही अर्ज नाही. म्हणजे घराचं नाही.

मग काय?

आज अंबूच्या कोपराला खरचटलेलं दिसलं. हाताला पेट्रोलचा वास. हो, पेट्रोलचाच, मी ओळखतो. आणि भांडी लावताना ती गुणगुणत होती. मला पाहून थांबली.

२७ जानेवारी, सोमवार

कबूल करायला हवं, मी तिचा फोन पाहिला. ती अंघोळीला गेली होती. 'नबीला काळेवाडी' या नावाने रोज सकाळी दहाला एक फोन. आणि 'लालमहंमद गॅरेज' या नावाने दोन.

लालमहंमद कोण? साठीच्या बाईला गॅरेजवाल्याचा फोन कशाला?

नवनाथला सांगावं का? तो कालपासून दुसऱ्या शिफ्टला आहे, भेटतच नाही. रूपालीला तर सगळं माहीत असणार. जेवताना मी सहज म्हणून विचारलं, काळेवाडी कशी आहे बघायला? रूपालीच्या हातातला घास थांबला. अंबू वाढायला उठली. तेवढं पुरे झालं मला.

२८ जानेवारी, मंगळवार

आज मागे गेलो.

अंबू गेटमधून बाहेर पडली, डांगे चौकाच्या बाजूला न बिचकता चालत गेली. मला वाटायचं हिला रस्ता ओलांडता येत नाही. गावी बाजारात माझा सदरा धरून चालते. इथे दोन्ही बाजू बघून, हात दाखवून, चार लेन ओलांडून पलीकडे. बस आली, चढली. मी मागच्या दाराने चढलो, तोंडाला रुमाल. तिने मागे वळून पाहिलं नाही. खिडकीतून बाहेर बघत होती.

काळेवाडीत उतरली. हा भाग वाकडसारखा नाही. दोन-तीन मजल्यांची घरं एकमेकांना टेकून उभी, खाली दुकान, वर माणसं, गच्चीवर पुढच्या मजल्याच्या सळया उघड्या ठेवलेल्या. पिठाची गिरणी, मोबाईल दुरुस्ती, बिर्याणी, शिवणकाम. इथे खांब पोकळ नाहीत, कारण शोभेचे नाहीतच. एका गॅरेजपाशी अंबू थांबली. आतून पांढऱ्या दाढीचा, माझ्याच वयाचा एक माणूस बाहेर आला. हात पुसले, स्टूल पुढे केलं. अंबू बसली. त्याने पाण्याचा ग्लास दिला. तिने घेतला. तो काहीतरी बोलला आणि अंबू हसली. तोंडाला पदर न लावता, मान मागे टाकून.

मी समोरच्या पानटपरीमागे उभा होतो. पुढे काय झालं ते पाहायला थांबलो नाही.  रिक्षाने परत आलो.

पाऊण वाजता ती आली. "बागंत ऊन फार व्हतं आज," म्हणाली.

२९ जानेवारी, बुधवार

सगळं क्रमाने लिहितो.

आज मी तिच्या आधी निघालो. दहालाच काळेवाडीत पोहोचलो, गॅरेजच्या पलीकडे आडोसा धरला. अकराच्या सुमारास ती आली. आज गॅरेजवाल्याने एक जांभळी स्कूटर बाहेर काढली. तिशीतली एक मुलगी, डोक्याला स्कार्फ, ती स्कूटर हातात घेऊन चालू लागली आणि अंबू तिच्याशेजारून. म्हातारा मागून. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या मागे मोकळं मैदान आहे, तिथे गेले. मी भिंतीच्या कडेने.

अंबूने हेल्मेट घातलं. पदर खोचला. स्कूटरवर बसली.

माझी बायको. गेल्या वर्षी नातेवाइकांच्या लग्नात मोटारसायकलवर मागे बसतानाही डोळे मिटून बसली होती. ती एकटी गाडी चालवत होती. मुलगी ओरडत होती, "आजी, लांब बघा, चाकाकडं नको! मस्त!" म्हातारा टाळ्या वाजवत होता. अंबूने अख्ख्या मैदानाला फेरी घातली आणि माझ्या दिशेने आली.

तेव्हा मी काय विचार केला ते आता नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की सगळ्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं. मी भिंतीआडून बाहेर पडलो आणि दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिलो. "अंबू! उतर खाली!" असं ओरडलो.

तिने मला पाहिलं. करकचून ब्रेक दाबला. गाडी डाव्या बाजूला आडवी झाली आणि ती गाडीखाली.

"काका, डोकं फिरलंय का तुमचं?" ती मुलगी, नबीला, मला ढकलून पुढे धावली. म्हाताऱ्याने गाडी उचलली. अंबूचा डावा हात मनगटातून वाकडा दिसत होता. ती ओरडली नाही. मी जवळ गेलो तर म्हणाली, "तुमी नका हात लावू. नबीला, तू धर."

नबीला तिला रिक्षात घेऊन बसली. मला जागा नव्हती. म्हातारा माझ्याकडे बघत होता. मग त्याने आपली मोटारसायकल चालू केली आणि म्हणाला, "बसा साहेब माझ्या मागं. हॉस्पिटल लांब नाही."

बसलो. दुसरं काय करणार? रस्ताभर त्याच्या खांद्याला धरून होतो.

डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं. मी तोंड उघडणार तोच अंबू म्हणाली, "कुत्रं आडवं आलं."

मी आडवा आलो. हे इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठेही ते लिहिलं गेलेलं नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

हाड मोडलंय. सहा आठवडे प्लास्टर. गावी जाणं लांबलं.

नवनाथ शिफ्टवरून येऊन माझ्यावरच चिडला. "बाबा, मीच आईला म्हणालो होतो शिक म्हणून. तुम्हाला सांगायचंच होतं. आई म्हणाली, शिकल्यावर सांगू."

आधी का नाही?

"तुम्ही नाही म्हणाला असता."

मी नाही म्हणालो असतो? म्हणालो असतो. या वयात, या गर्दीत, कोणीही शहाणा माणूस नाहीच म्हणेल. पण त्यासाठी आधार कार्ड लपवायचं? शिकाऊ लायसन, डॉक्टरचा दाखला, सगळं रूपालीने करून दिलं. चिन्हांची परीक्षा संगणकावर होती, अंबू पहिल्या फेरीत पास झाली. चिन्हं मी शिकवली होती.

नवनाथला ती कुत्र्याचंच सांगते. रूपालीलाही. मला का वाचवते आहे? हिच्या मनात काय आहे? दोन दिवस याच विचारात आहे. माणूस उगाच कुणाची चूक झाकत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रूपालीची सकाळी मीटिंग. अंबूला एका हाताने केस विंचरता येईनात. थोडा वेळ मी पेपर वाचल्यासारखं केलं. मग कंगवा घेतला.

चाळीस वर्षांत तिचे केस मी हातात घेतले नव्हते. फार विरळ झालेत. कधी झाले? मानेवर उन्हाची रेघ उमटली आहे, हेल्मेटची कड येते तिथे. तीन पेड कसे घालतात ते तिने सांगितलं. "घट वळा. सुटंल."

विचारलं, कुठे जायचं आहे तुला गाडी शिकून?

"कुटंबी न्हाई."

मग?

"जायचं झालं तर तुमाला इचारायला लागू नये म्हनून."

मी कधी नाही म्हणालो का तुला? तिने वेणीला रबर लावायला दिलं.

दुपारभर आठवून पाहिलं. एकदोन वेळा नाही म्हणालो असेन. कामं असायची. तिला आता नेमकं काय आठवत असतं, कुणास ठाऊक.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज काळेवाडीला गेलो. घरी सांगून गेलो.

लालमहंमद गॅरेजात एका स्कूटरचा ब्रेक उघडून बसला होता. मला पाहून हात पुसले आणि तेच स्टूल पुढे केलं. पाणी दिलं.

"भाभींचा हात कसा आहे?"

बरा आहे म्हणालो.  गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. शेवटी लालमहंमदच म्हणाला, "साहेब, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही माझ्यावर संशय घेतला होता ना?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. "हो," म्हणालो.

"खरं बोललात. कुणी बोलत नाही." तो परत ब्रेककडे वळला. "माझी बायको, खैरुन्निसा, गेली चार वर्षांपूर्वी. तिला शुगर होती, डॉक्टर रोज चालायला सांगायचे. मी म्हणायचो, गल्लीत काय चालायचं, लोक काय म्हणतील. आमची मुलगी नबीला तेव्हा नोकरीला होती. आई गेल्यावर नोकरी सोडून हे बायकांना गाडी शिकवायचं चालू केलं. मी आधी भांडलो. आता गाड्या मीच दुरुस्त करतो."

 पाणी पिऊन टाकलं.

नबीला आली. मला बघून तिचा चेहरा बदलला. मी सरळ विषय काढला. हात बरा झाला की तिला परत शिकवाल का?

"आजींना घेईन," ती म्हणाली. "पण तुम्ही मैदानावर यायचं नाही."

मी काही करणार नाही, लांब उभा राहीन, असं सांगितलं.

"नको काका. तुम्ही दिसलात की त्या रस्ता बघत नाहीत, तुम्हाला बघतात."

ही मुलगी जरा जास्तच फटकळ आहे. पण बापाने तिला थांबवलं नाही. मीही कबूल होऊन आलो.

येताना बस सोडली आणि पुलापर्यंत चालत गेलो. पवनेचं पाणी काळं, वर जलपर्णी. पलीकडे टॉवर. पुलाचे कठडे वाजवले नाहीत.

१२ मार्च, बुधवार

प्लास्टर निघालं. हात वाळक्या काठीसारखा दिसतो. डॉक्टर म्हणाले, आता कुत्र्यांपासून जपा. अंबू हसली. मी खिडकीबाहेर बघितलं.

नवनाथ म्हणाला, बाबा, तुम्हाला गावी जायचं असेल तर सोडून येतो, आई लायसन झाल्यावर येईल. सगळे माझ्याकडे बघत होते. मी गेलो तर त्यांना सोपं जाईल हे मला दिसत होतं. म्हणूनच थांबतो म्हणालो. नंतर वाटलं, त्यांना खरंच तसं वाटत होतं की मीच धरून चाललो होतो?

२ एप्रिल, बुधवार

रोज साडेदहा. "नबीलाकडं जाते," म्हणून जाते आता. दार बंद झालं की घर फार मोठं वाटतं. आज तिसऱ्यांदा रणजीतशी बोलायला खाली गेलो. तो यवतमाळचा. बायको गावी. मी म्हणालो, तिच्यावर लक्ष कोण ठेवतं? तो म्हणाला, "लक्ष कशाला काका? ती शेत बघते, म्हणून तर मी इथं उभा राहू शकतो."

ती परत यायच्या वेळी मी बाल्कनीत उभा असतो. चौदाव्या मजल्यावरून माणसं मुंग्यांएवढी दिसतात. तरी अंबू ओळखू येते. पूर्वी जमिनीकडे बघून चालायची. आता समोर बघून चालते.

१५ एप्रिल, मंगळवार

मोशीला लायसनची परीक्षा होती. रूपालीने सुट्टी काढली होती, दोघी सकाळीच गेल्या. मी घरी.

अंबू नापास. आठच्या आकड्यावर गाडी वळवताना पाय टेकला.

मला बरं वाटलं. हे लिहू नये, पण तसं झालं. क्षणभरच. मग ती पलंगावर बसून बूट काढत होती ते पाहिलं. नाडी सुटत नव्हती, डाव्या मनगटात अजून जोर नाही. खाली बसून मी नाडी सोडली. "पुढच्या आठवड्यात परत जाता येतं," असं म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी काढून घ्यायला आलोय. तिलाही माझा संशय येत असेल, हे मला आजपर्यंत सुचलं नव्हतं.

२३ एप्रिल, बुधवार

पास.

फोनवर रूपाली किंचाळलीच. नबीलाने गल्लीत पेढे वाटले म्हणे. लालमहंमदचा मला फोन आला, "मुबारक हो साहेब." मी थँक्यू म्हणालो आणि मग बराच वेळ फोन हातातच धरून बसलो.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी आठला अंबूने रूपालीच्या स्कूटरची चावी उचलली. "जाऊन येते."

मी 'कुठे?' असं म्हणायला तोंड उघडलं होतं. नवनाथ आणि रूपाली दोघं माझ्याकडे बघत होते. "हेल्मेट घे," एवढं म्हणालो.

बाल्कनीतून पाहिलं. गेटपाशी रणजीतने दांडा वर केला आणि सलाम ठोकला. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, इंडिकेटर दिला आणि गेली. देहूरोडच्या बाजूला की काळेवाडीच्या, मधल्या टॉवरमुळे दिसलं नाही.

नऊ वाजले. दहा. फोन केला नाही. फोन हातात घेतला, खाली ठेवला. साडेदहाला नवनाथ म्हणाला, "बाबा, मी करू का?" नको म्हणालो. मनात काय काय आलं ते लिहीत नाही. अकराला स्वयंपाकघरात जाऊन खिचडी टाकली. हात कामात असले की बरं.

साडेअकराला आली. चेहरा उन्हाने लाल, साडीच्या काठाला धूळ, डोळे चमकत होते. हातपाय धुतले, पाटावर बसली. मी वाढलं. तिने घास घेतला.

"मीठ लई झालंय."

"माहितीय."

तरी सगळी संपवली. ताक मागितलं, दिलं. कुठे गेली होती, तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. ताटातच हात धुतले आणि पदराला हात पुसत म्हणाली, "उद्या सकाळी यायचं का तुमाला? माझ्या मागं?"

"हो," म्हणालो.

कुठे, किती लांब, परत कधी, हे काहीही न विचारता म्हणालो. आता रात्रीचे नऊ वाजलेत. ती पलीकडे झोपली आहे. विचारावंसं अजून वाटतंय. विचारणार नाही.